हवेचं दार

गोळीबार चौकामागच्या गल्लीत, बॉनेटखाली टॉर्च धरून
पराते मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी माझा गैरसमज काढला:
"पाय दाबला का आपण पेट्रोल देतो, असं वाटते न तुम्हाले?
नाई मॅडम. ते दार हाये. हवेचं दार.
तुम्ही दार उघडता, हवा आत शिरते,
पेट्रोल तिच्या मागं मागं येते."

एक किलो पेट्रोलला पावणेपंधरा किलो हवा.
हवेचे किलो असतात
हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं,
चौऱ्याण्णव सालच्या पांढऱ्या एटहंड्रेडमुळे,
जी मी निवृत्तीच्या पैशातून घेतली
आणि जिच्याबद्दल मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत
लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत दुसरा विषय नव्हता.

डिसेंबरात पहाटे चोकची खुंटी बाहेर ओढते.
थंडीत पेट्रोल आळशी, नळीच्या भिंतीला चिकटून बसतं,
म्हणून हवा अडवायची,
म्हणजे जे थोडं उडेल त्यावर भागेल.
छत्रपती चौक येईपर्यंत खुंटी आत.
विसरले तर मागचा स्कूटरवाला नाकाला रुमाल लावतो.

बत्तीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते.
माणसं बोलायची, मी रेघा ओढायचे,
दोन रेघांमध्ये जी जागा सुटायची
तिची नक्कल कोणी मागितली नाही.

अजनीच्या पुलावर, तिसऱ्यात,
पाय एकदम दाबला की गाडी क्षणभर अडखळते.
हवा हलकी, ती धावत पोचली;
पेट्रोल जड, ते अजून जिन्यात.
ही जागा माझ्या ओळखीची निघाली.
"त्या रात्री तुम्ही कुठे होता?"
या प्रश्नानंतर साक्षीदार एक श्वास जास्तीचा घेतो
आणि त्या श्वासाला पुरेल एवढं वाक्य
अजून आलेलं नसतं.

पढवलेला साक्षीदार उलटा. तो रिच चालतो.
शर्टाचा रंग, कुत्र्याचं भुंकणं, घड्याळातली मिनिटं,
सगळं न विचारता.
साहेब पंख्याकडे बघत बसायचे.
मी सगळा धूर उतरवून घ्यायचे.

मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांत, गाडी सिग्नलला धापा टाकू लागली.
परातेंनी प्लग काढून तळहातावर ठेवला, काजळासारखा काळा.
"उन्हात हवा विरळ होते न. दार तेवढंच उघडते,
पण मापात कमी भरते. अन् पेट्रोल आपलं पहिल्यासारखंच."
मग छोट्या पेचकसानं स्क्रू पाव आटा आत,
कान इंजिनाकडे, डोळे भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरवर,
पुन्हा केसभर बाहेर.
दोन आठवड्यांनी तोच प्लग
चहात बुडवून काढलेल्या मारी बिस्किटाच्या रंगाचा.

त्याच दिवशी हात पुसताना त्यांनी विचारलं,
"या वयात गाडी काहून घेतली मॅडम?"
मी म्हटलं, "भाजी आणायला."
म्हटलं खरं,
पण त्याआधी जे अडखळले
ते त्यांच्या कानांनी टिपलं असणार.
काही बोलले नाहीत. मजुरी चाळीस रुपये कमी लावली.

आता रविवारी सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरते.
गिअर तसाच ठेवून पाय काढून घेते.
दार मिटतं, इंजिन मात्र ओढतच राहतं,
हवा मिळत नाही म्हणून नुसतं पेट्रोल ओढतं,
ते न जळता पुढं जातं
आणि तापलेल्या सायलेन्सरमध्ये, उशिरा, एकटंच पेटतं.
फट्ट.
भुट्टे भाजणारी बाई दचकून पंखा थांबवते.
मी काच खाली करते.
"काही नाई हो, थोडं पेट्रोल उरलं होतं."